दहा दिवस न दिलेलं उत्तर

ताई,

सप्रेम नमस्कार.

मी ४३ वर्षांचा आहे. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. बायको शिक्षिका आहे, मुलगी नववीत. गेली दोन वर्षं रात्रीचं जेवण झालं की मी फोन घेऊन बसतो आणि अनोळखी लोकांशी वाद घालतो. विषय ठरलेले : आधार, चेहरा ओळखणारे कॅमेरे, सरकारनं आणि कंपन्यांनी आपली किती माहिती घ्यावी. साठवलेली माहिती कशी फुटते ते मी रोज कामात बघतो, त्यामुळे मला गप्प बसवत नाही. ‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?’ हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. कधी एक वाजतो, कधी दोन. बायको म्हणते, ‘जगातल्या सगळ्यांशी बोलतोस, माझ्याशी कधी बोलणार?’

मागच्या महिन्यात एका गृहस्थांशी माझं असंच जुंपलं. ते विदर्भातल्या एका खेड्यातले, एवढंच मला माहीत. चार रात्री वाद चालला. पाचव्या रात्री मी त्यांना ‘अडाणी मेंढरू’ म्हणालो. त्यावर त्यांनी लिहिलं : ‘साहेब, माझ्या आईचे श्रावणबाळ योजनेचे पैसे एक माणूस घरी आणून द्यायचा. दर वेळी शंभर-दोनशे कापून. आईला लिहिता येत नाही, ती अंगठा करायची. कागदावर किती लिहिलंय ते तिला कळायचं नाही. आधार जोडल्यापासून पूर्ण पैसे खात्यात येतात. तुमच्या प्रायव्हसीचं माझ्या आईनं काय करायचं, तेवढं सांगा.’

दहा दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. त्यांना उत्तर काय देऊ? माझं म्हणणं मुळातच चूक आहे का? आणि हे वाद सोडूनच द्यावेत का?

नाव छापू नये ही विनंती.

ता. क. आमच्या सोसायटीच्या गेटवर घरकामाच्या मावशी, स्वयंपाकाच्या काकू, ड्रायव्हर यांच्यासाठी चेहरा ओळखणारं मशीन बसवणार आहेत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी १० वाजता सभा आहे. मागच्या दोन सभांना जायला जमलं नाही, आणि तसंही तिथे कोणी ऐकत नाही.

*

तुमच्या पत्राचं उत्तर मी शेवटाकडून, म्हणजे ता. क.पासून सुरू करणार होते. पण आधी त्या गृहस्थांचं बघू, कारण ते दहा दिवस थांबले आहेत.

आजच त्यांना दोन-तीन ओळी लिहा. ‘तुमच्या आईंबद्दल लिहिलंत ते वाचलं. मी तुम्हाला जो शब्द वापरला तो चुकीचा होता, माफ करा. तुमच्या प्रश्नावर मी विचार करतो आहे.’ एवढंच. या ओळींत ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘माफ करा, पण’ असं लिहिलंत की माफी गेली आणि वाद उरला. चारचौघांत तो शब्द वापरलात, तर माफीही तिथेच, चारचौघांत. खासगी निरोप पाठवून भागणार नाही. आणि एक जपा. त्यांनी आईची गोष्ट तुम्हाला उत्तर म्हणून सांगितली आहे. त्या मजकुराचा फोटो काढून दुसरीकडे कुठे टाकू नका, मित्रांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. दुसऱ्याची माहिती कशी सांभाळावी यावर तुम्ही दोन वर्षं बोलताय, तर सुरुवात इथून.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तुमचं म्हणणं चूक नाही. त्यांचंही नाही. हे मी दोघांची समजूत घालायला म्हणत नाही, दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत म्हणून म्हणते.

माझी आत्या सिन्नरला राहते. वय ७८. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं. तिच्या बोटांवरच्या रेषा आता डोळ्यांनाही दिसत नाहीत, यंत्राला कुठून दिसणार? रेशन दुकानात तिचा अंगठा लागत नाही. हात धुऊन ये, कोरड्या फडक्याला पूस, दुसरं बोट लाव, उद्या ये, नेटवर्क नाही, परवा ये. ओटीपीचा मार्ग आहे, पण मोबाइल नंबर नातवाचा दिलेला आणि नातू नाशिकला कामावर. फोन उचलला तर ठीक. महिन्याच्या पाच किलो धान्यासाठी ती एकदा चौथ्या खेपेला मोकळी झाली. दुकानदार वाईट माणूस नाही. त्याच्या हातातलं यंत्र ‘नाही’ म्हणालं की तो तरी काय करणार, असं आत्याच म्हणते.

म्हणजे बघा, एका आईच्या पैशांतला दलाल ज्या व्यवस्थेनं हटवला, तीच व्यवस्था माझ्या आत्याला दुकानाच्या पायरीवर बसवते. त्या गृहस्थांनी आत्याचा विचार केलेला नाही आणि तुम्ही त्यांच्या आईचा केलेला नाही. तुमच्या चार रात्री यात गेल्या. दोघंही एकेका खऱ्या माणसासाठी भांडत होता, पण ते माणूस समोरच्याला दिसतच नव्हतं. त्यांनी पाचव्या रात्री दाखवलं. तुम्ही अजून दाखवलेलं नाही. तुमच्या वादात आकडे आहेत, कलमं आहेत, फुटलेल्या डेटाबेसची उदाहरणं आहेत. माणूस कुठे आहे?

आकड्यांवरून एक सांगते. २६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आधारचा निकाल तुम्ही अनेकदा वापरला असणार. चार विरुद्ध एक असा तो निकाल. बहुमतानं सरकारी लाभांसाठी आधारची सक्ती कायम ठेवली, खासगी कंपन्यांना आधार वापरायची मुभा देणारी तरतूद रद्द केली. न्या. चंद्रचूड यांनी संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला. बहुमताच्या निकालात ९९.७६ टक्के हा आकडा आहे. इतक्यांची ओळख पटते, मग थोड्यांसाठी योजना मोडली तर या ९९.७६ टक्क्यांचं नुकसान होईल, असा तो युक्तिवाद. ऐकायला तो पटतो. आता गणित करा. एक लाख माणसांमागे २४० उरतात. ती २४० माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. त्यात विडी वळणारी असते, वीटभट्टीवरचा असतो, ऊसतोड करणारी असते, म्हातारी माणसं असतात. यंत्राची चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही. ज्याच्या हातानं जास्त काम केलं, त्याच्यावर ती आधी पडते.

हे त्या गृहस्थांना सांगण्यासारखं आहे. पण आकडा म्हणून नको, आत्या म्हणून सांगा. माझ्या आत्याची गोष्ट वापरली तरी चालेल, तिला मी विचारलंय. तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर जास्त चांगलं.

आता त्यांचा खरा प्रश्न. ‘तुमच्या प्रायव्हसीचं माझ्या आईनं काय करायचं?’ तुम्ही या प्रश्नापुढे थिजलात, कारण तुमच्या मते खासगीपणा म्हणजे लपवायचा हक्क. त्यांच्याही मते तेच, म्हणून तर ते विचारतात. गरीब बाईनं काय लपवायचं? पण त्यांनीच सांगितलेली गोष्ट परत वाचा. आईचे पैसे चोरीला का जात होते? वही त्या माणसाच्या हातात होती आणि वहीत तिच्या नावासमोर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. तिच्याबद्दलची नोंद होती, पण ती तिच्या ताब्यात नव्हती. तिला विचारता येत नव्हतं, तपासता येत नव्हतं, चूक दाखवता येत नव्हती. अंगठा तेव्हढा तिचा.

तुम्ही दोन वर्षं ज्याविरुद्ध बोलताय ते हेच आहे, फक्त वहीच्या जागी सर्व्हर आलाय. आधी अंगठा शाईत बुडवत, आता काचेवर ठेवतात. एका दलालाच्या हातातली वही गेली हे फार चांगलं झालं, आणि ते मोकळ्या मनानं त्यांच्यापाशी कबूल करा. मग विचारा, नवीन वही कोणाच्या हातात आहे? त्यात काही चुकलं, उद्या पैसे आले नाहीत, खातं दुसऱ्याच बँकेला जोडलं गेलं, तर आई कोणाकडे जाईल? तालुक्याला जायचं तर गाडीभाडं किती? हे प्रश्न कोंडीत पकडायला विचारू नका. त्यांना उत्तरं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतील. कदाचित ते म्हणतील, ‘बँकमित्र गावातच येतो, काही अडचण नाही.’ मग तुम्हाला एक गोष्ट कळली. कदाचित म्हणतील, ‘मागच्या वर्षी तीन महिने अडकले होते.’ मग तुम्ही दोघं एका बाजूला आलात.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर’ या वाक्याचं उत्तरही इथेच सापडेल. लपवणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. आपल्याकडे बायका पगार किती हे माहेरी सांगत नाहीत, आजार पाहुण्यांना सांगत नाहीत, मुलीला बघायला येणार असतील तर शेजाऱ्यांना सांगत नाहीत. यात गुन्हा कुठे आहे? कोणाला काय कळलं की तो त्याचा आपल्यावर कसा वापर करील, याचा अंदाज बांधूनच माणूस सांगतो किंवा गप्प राहतो. हा अंदाज बांधायची मोकळीक म्हणजे खासगीपणा. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं तो मूलभूत हक्क ठरवला, जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग म्हणून. ती याचिका, आधारविरुद्धची, २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांनी केली, वयाच्या ऐंशी ओलांडलेल्या काळात. त्या वयात त्यांना स्वतःसाठी लपवायला काय होतं? आणि या देशातलं पहिलं आधार मिळालं ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. म्हणजे ही चर्चा शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांची आहे असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. तिची पहिली ओळ आदिवासी भागातल्या गावात लिहिली गेली आहे.

वाद कसा घालावा, हे तुम्ही विचारलं नाहीत. तरी सांगते, कारण माझ्या मते तुमची चूक मुद्द्यात नाही, रीतीत आहे. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. वाद म्हणजे दोघांनी मिळून खरं काय ते शोधायचं. जल्प म्हणजे जिंकायचं, कसंही. आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं मोडत जायचं. मराठीत आपण तिसऱ्यालाच ‘वितंडवाद’ म्हणून वादाचं नाव चिकटवलं. तुम्ही ज्याला वाद म्हणता त्यातल्या बऱ्याच रात्री जल्पाच्या असणार, आणि ‘मेंढरू’ म्हणालात ती रात्र तर त्याच्याही खालची.

खऱ्या वादाची जुनी रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचं म्हणणं आपण स्वतः, आपल्या शब्दांत, तो मांडेल त्याहून बळकट करून मांडायचं. तो ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं म्हणाला की मगच आपलं. हे रात्री एक वाजता, समोरच्यानं टोमणा मारल्यावर करून बघा, जीव जातो. पण एकदा करून बघाच. चार दिवसांत तुम्हाला कळेल की निम्म्या लोकांशी तुमचं भांडणच नव्हतं, आणि उरलेल्यांतल्या काहींचं म्हणणं तुम्हाला पूर्वपक्ष म्हणून मांडताच येत नाही, कारण त्यांचं म्हणणं असं काही नाहीच. ते नुसतं मोडत चाललेत. त्यांना ‘मी इथे थांबतो’ एवढं लिहा आणि थांबा. नंतर चोरून बघायला जाऊ नका, त्यानं काय उत्तर दिलं ते. त्याचं शेवटचं वाक्य राहिलं तर राहू दे.

रात्री लिहायचं असेल तर लिहा, पण पाठवा सकाळी, मुलगी शाळेला गेल्यावर. सकाळी वाचताना जे पाठवावंसं वाटणार नाही ते पुसून टाका. माझा अंदाज आहे, बरंचसं पुसलं जाईल आणि रात्रीचा तासभर सुटेल. तो बायकोचा आहे. तिनं पत्रातल्या त्या एका वाक्यात सगळं सांगितलंय, मी त्यात भर घालत नाही.

मग हे सोडूनच द्यावं का? नाही. अनोळखी माणसांनी इंटरनेटवर तंत्रज्ञानाबद्दल वाद घालून काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी आठवून देते.

एक पालघरची. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. नुसत्या अंगठ्याच्या एका खुणेसाठी अटक. त्या धक्क्यातून दिल्लीतल्या श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम, ज्याखाली ऑनलाइन लिहिण्याबद्दल अटक व्हायची, रद्द झालं. आज तुम्ही रात्री एक वाजता जे मनात येईल ते लिहू शकता, त्यात पालघरच्या त्या दोघींचा वाटा आहे. म्हणूनही मला वाटतं, ती जागा एखाद्याला मेंढरू म्हणण्यात घालवू नये.

दुसरी त्याच वर्षाची. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, इंटरनेटवरच्या सेवांवर कसे नियम लावावेत यावर लोकांची मतं मागवली. लोकांनी महिनाभरात दहा लाखांहून जास्त ईमेल पाठवले. पुढे डिसेंबरमध्ये फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ची, म्हणजे ठरावीक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या योजनेची, मोठी जाहिरातबाजी झाली. गरिबांना फुकट इंटरनेट मिळेल, विरोध करणारे गरिबांच्या पोटावर पाय आणताहेत, असा तो सूर होता. ओळखीचा वाटतो ना? विरोध करणाऱ्यांनी उलटा प्रश्न विचारला : फुकट काय बघायचं ते कोण ठरवणार? ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं कुठल्या मजकुराचा डेटा आहे त्यावरून वेगळा दर लावायला बंदी केली आणि त्याच महिन्यात फ्री बेसिक्स भारतातून बंद झालं.

त्या लोकांनीही आपसांत रात्र-रात्र वाद घातले. पण त्यांची शेवटची ओळ एकमेकांना लिहिलेली नव्हती. ती जिथे निर्णय होणार होता तिथे पाठवलेली होती, ठरलेल्या तारखेच्या आत.

आणि आता तुमचा ता. क.

तुम्ही दोन वर्षं देशभरातल्या अनोळखी लोकांशी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर बोललात. तुमच्या जिन्याखाली तोच कॅमेरा बसतोय. त्याचा निर्णय काही न्यायाधीश करणार नाहीत, तुमच्या वरच्या मजल्यावरचे काका करणार आहेत, आणि तुमचं तिथे एक मत आहे. ज्या ठिकाणी तुमच्या शब्दाला खरंच वजन आहे, त्या एकाच ठिकाणी तुम्ही गेला नाहीत. ‘तिथे कोणी ऐकत नाही’ म्हणता, पण दोन सभांना तुम्ही नव्हतात. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सभेआधी एक काम करा. मावशींशी बोला. भाषण नको, विचारा. गेटवर मशीन येतंय, तुम्हाला काय वाटतं? आणि उत्तर तुमच्या मनासारखं येईल असं धरून चालू नका. मावशी कदाचित म्हणतील, ‘बरंच आहे दादा. मी कधी आले, कधी गेले हे लिहिलेलं असलं तर माझ्यावर चोरीचा आळ तरी येणार नाही.’ हे मी एका बाईच्या तोंडून ऐकलंय. कदाचित म्हणतील, ‘चारशे दोनवाल्या ताई रोज फोनवर बघतात मी किती घरं करते, आणि पगार वाढवताना तेच काढतात.’ मशीनवर नोंद झाली की मावशी कुठल्या घरी किती वाजता शिरल्या आणि कधी बाहेर पडल्या ते सगळ्या मालकिणींना कळणार, पण कुठल्या मालकिणीनं पगार किती दिवस थकवला ते मावशींना कुठे दिसणार आहे? इथेही वही एकाच बाजूच्या हातात आहे. विदर्भातल्या त्या आईसारखंच.

मावशी जे म्हणतील ते घेऊन सभेला जा. त्यांच्या वतीनं बोलायचं असेल तर त्यांना विचारून, नाव न घेता. तिथे ‘पाळत ठेवणारा समाज’ वगैरे म्हणू नका, तुमचं म्हणणं पहिल्या मिनिटाला संपेल. सुरक्षेची काळजी खरी आहे. ज्यांच्याकडे चोरी झाली असेल किंवा ज्यांची म्हातारी आई दिवसभर एकटी असते, त्यांचा पूर्वपक्ष आधी तुम्हीच मांडा. मग साधं विचारा. फोटो कोणाकडे राहणार, सोसायटीकडे की कंपनीकडे? काम सोडल्यावर ते कधी पुसणार? नोंदी कोणाकोणाला दिसणार? मशीननं ओळखलं नाही तर बाईनं गेटवर किती वेळ उभं राहायचं, आणि उशीर झाला म्हणून कापलेला पगार कोण भरणार? ज्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांना ओळखपत्राचा मार्ग आहे का? ओळखपत्र हरवलं तर नवं करता येतं, चेहरा नवा करून मिळत नाही, हे वाक्य तुमच्या धंद्यातलंच आहे, ते सावकाश बोला.

चेहऱ्याचं यंत्र चुकतं तेव्हाही सगळ्यांना सारखं चुकत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष सांगणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ते काम वेगळं होतं आणि नंतर कंपन्यांनी सुधारणाही केल्या. तरी तुमच्या गेटवर कोण उभं राहणार आहे ते डोळ्यांपुढे आणा आणि विकणाऱ्याला विचारा, की हे यंत्र आमच्या माणसांवर तपासून दाखवाल का? तपासणं हा तर तुमचा व्यवसाय. सभेत ही तपासणी करून द्यायची तयारी तुम्हीच दाखवा. नुसता विरोध करणाऱ्यापेक्षा काम अंगावर घेणाऱ्याचं लोक ऐकतात, निदान आमच्या सोसायटीत तरी हाच अनुभव आहे.

कायद्याचा आधार लागला तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत आहे. संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कामासाठीची आणि अटीशिवायची असावी, असं तो म्हणतो. ‘चेहरा द्या नाहीतर उद्यापासून कामाला येऊ नका’ ही कुठली संमती? पण हे कलम शेवटी काढा. आधी काढलंत तर काका त्यांचा वकील काढतील.

आणि सगळ्यांत अवघड प्रश्न धीर करून विचारा. सुरक्षेसाठीच असेल तर चेहरा फक्त मावशींचा का? सभासदांचा, त्यांच्या पाहुण्यांचा, अध्यक्षांच्या जावयाचा का नाही? माझा अंदाज आहे की सभेत एकदम शांतता होईल. मग कोणीतरी म्हणेल, ‘आमचे चेहरे कशाला त्या कंपनीला द्यायचे?’ तेव्हा तुम्ही काही बोलू नका. ते वाक्य सगळ्यांना ऐकू येऊ द्या.

ठराव तरीही मंजूर होऊ शकतो. तसं झालं तर निदान फोटो पुसण्याची मुदत आणि ओळखपत्राचा पर्याय इतिवृत्तात लिहून घ्या, तोंडी नको. विषय पुन्हा काढायचा असेल तर एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवरून महिन्याच्या आत विशेष सभा बोलावता येते. शंभर घरं असतील तर वीस सह्या. दोन वर्षांत तुम्ही किती अनोळखी लोकांना पटवायचा प्रयत्न केलात ते आठवा. वीस शेजारी त्या मानानं थोडे आहेत, आणि त्यांच्या घरी चहा मिळतो.

सभा झाली की त्या विदर्भातल्या गृहस्थांना लिहा, तुमच्या गेटवर काय झालं ते. आईंची विचारपूसही करा. त्यांनी तुम्हाला प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तुम्ही कसं शोधलंत ते त्यांना कळायला हवं. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नका.

सभा रविवारी १० वाजता आहे. शनिवारी मावशी येतात तेव्हा फोन आत ठेवा, आणि त्यांचा हात रिकामा झाला की चहा टाकून त्यांना बसायला सांगा.

तुमची,
ताई